एक ते पाच

रात्री नऊला मोबाइल विचारतो त्याला, माझ्या नावानं:
आजची रात्र कशी? एक ते पाच.
एक म्हणजे घरी आहे, जेवलो.
पाच म्हणजे बोलावणं आलंय, निघतोय.
मधले आकडे ज्याचे त्यानं ठरवायचे.

रामबागेतल्या हॉलमध्ये दोन रविवार शिकवलं आम्हाला:
उपदेश नको. विचारा, मग थांबा.
शिकवणारी पोरगी माझ्या पुतणीएवढी.
"थांबणं सगळ्यात अवघड असतं, सुपेकरकाका."
मनात हसलो मी.
अगं, सत्तावीस वर्षं व्हॉल्व्हमन आहे इंदूरचा.
नर्मदा डोंगर चढून येते
आणि मी पहाटे साडेतीनला टाकीखाली
तिच्यासाठी उभा.

मला मिळाला लोकेश सिलावट, वय अठरा, पाटणीपुरा.
पहिल्या दिवशी लिहिलं:
चिरंजीव लोकेश यास अनेक आशीर्वाद.
उत्तर आलं: कोण?
दुसऱ्या दिवशी: हओ.
तिसऱ्यापासून नुसते आकडे.
दोन. दोन. तीन. दोन.
शनिवारी हटकून चार.

शनिवारी सुपर कॉरिडॉरवर
सायलेन्सर काढलेल्या गाड्या, दिवे बंद,
आणि पैज, आधी ब्रेक कोण दाबतो याची.
हे त्यानं सांगितलं नाही.
सोललेल्या गुडघ्याचा फोटो पाठवला,
खाली: भिया, हळद चालेल का?
मी लिहिलं, चालेल. आधी साबणानं धू.
याहून जास्त लिहिलेलं सगळं पुसून टाकलं.
पुसायला पाऊण तास लागला.

मग एका शनिवारी पाच.
फोन केला. उचलला नाही.
पुन्हा केला.
अकरा सेकंदांचा आवाज आला:
वारा, कुणाचं तरी हसणं, वारा.
शिकवणीच्या वहीत अशा वेळेसाठी एक पान होतं.
चष्मा सापडेना.
मी खोटं बोललो.
खांदा धरलाय, लिहिलं, चावी फिरत नाहीये,
तुझ्याच आईची टाकी कोरडी राहील.
भमोरीला ये.
निळ्या खुणा उमटल्या. बाकी काही नाही.

तीन चाळीसला गाडी आली, दिवा लावून.
"कुठंय चावी?" रागातच होता.
लोखंडी चावी, त्याच्या छातीएवढी उंच.
बत्तीस फेरे. मी मोजत होतो, तो शिव्या देत होता,
बाविसाव्यानंतर शिव्यांना श्वास पुरेना.
मग पायाखालून ती निघाली,
आधी खोकत, हवा ओकत, मग भरून.
त्यानं चप्पल काढली, तळवा जमिनीला लावला.
"जाऊन राहिली," म्हणाला.
खांद्याबद्दल विचारलं नाही.
पोहे खाल्ले, त्यावर जिरावण इतकं घातलं
की दोघांनाही ठसका लागला.

त्या रात्री नऊला त्यानं शून्य पाठवलं.
मोबाइल म्हणाला: उत्तर चुकीचे आहे.
कृपया एक ते पाच.

सहा महिने संपले. हॉलमध्ये तक्ता लावला,
आमची जोडी हिरव्या चौकोनात.
त्यानंतरचे दोन शनिवार तक्त्यात नाहीत,
त्यातला एक चार होता,
एकाचं उत्तर सोमवारी आलं.

आता यंत्र विचारत नाही.
मीच विचारतो, नऊला, एका अंगठ्यानं.
काल आलं: दोन.
आणि खाली, पहिल्यांदाच:
तुमची, काका?

खिशात पत्र होतं ऑफिसचं.
पुढच्या महिन्यापासून व्हॉल्व्ह मोबाइलवरून फिरतील,
बटण दाबलं की झालं,
चावी स्टोअरला जमा करावी.

एक लिहिलं. पुसलं.
चार पाठवलं.

तो लिहितोय, असं दिसलं.
मग थांबला.
मग लिहितोय.
मग थांबला.
पुसत असणार.